अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स आणि पूर्वीचं दुहेरी नागरिकत्व: फॉर्म उघडण्याआधी काय करायचं

संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या अमेरिकन कंपनीचं ऑफर लेटर हातात पडतं आणि त्यात एक अट असते: सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याची परवानगी) मिळाला तरच नेमणूक पक्की. आपल्याकडची बरीच हुशार मुलंमुली या अटीपाशी अडतात. कुणाकडे भारतीय पासपोर्ट होता, कुणाच्या घरी लहानपणी दोन्ही देशांचे पासपोर्ट होते, कुणा गोंयकाराने पोर्तुगालचं नागरिकत्व घेऊन पुढे सोडून दिलेलं असतं. मग ओळखीतलं कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘एकदा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व होतं म्हणजे संपलं, तुला मिळणार नाही.’ एवढ्यावर विश्वास ठेवून ऑफर नाकारणारी माणसं आहेत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पूर्वीच्या नागरिकत्वामुळे क्लिअरन्स आपोआप नाकारला जात नाही. तुमचे कागद एक सांगतात आणि तुम्ही दुसरंच लिहिता, तेव्हा खरी अडचण होते.

हा लेख अमेरिकन नागरिक झालेल्या किंवा लवकरच होणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर अजून थांबावं लागेल, कारण १९९५ च्या कार्यकारी आदेश १२९६८ नुसार क्लिअरन्स फक्त अमेरिकन नागरिकांना मिळतो. परदेशी तज्ज्ञांना अपवाद म्हणून मर्यादित परवानगी देतात, पण तो वेगळा आणि अरुंद रस्ता आहे. क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्जही करता येत नाही. सरकारी खातं किंवा सरकारी कंत्राट असलेली कंपनी तुमचं नाव पुढे करते, मगच फॉर्म उघडतो.

नियम काय म्हणतो

कॉन्फिडेन्शियल, सिक्रेट आणि टॉप सिक्रेट या तिन्ही पातळ्यांचा निर्णय ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या ‘सीड-४’ या निदेशानुसार होतो. त्यात ए पासून एम पर्यंत तेरा कसोट्या आहेत. नागरिकत्वाशी थेट संबंध असलेली कसोटी म्हणजे गाइडलाइन सी. तिचा विषय असा की माणूस दुसऱ्या देशाला झुकतं माप देतो का. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असणं हे केवळ तेवढ्यावर अपात्रतेचं कारण ठरत नाही, असं ती स्पष्ट सांगते. त्यातून अमेरिकेच्या हिताला बाधा येते असं दिसलं किंवा ते लपवण्याचा प्रयत्न झाला, तरच प्रश्न निर्माण होतो. आज असलेल्या नागरिकत्वाबाबत ही भूमिका असेल, तर सोडून दिलेल्या नागरिकत्वाची धास्ती घ्यायचं कारण उरत नाही.

मग ‘मिळणारच नाही’ हा समज आला कुठून? तो जुन्या नियमांतून आला. ऑगस्ट २००० मध्ये पेंटॅगॉनने काढलेल्या परिपत्रकानुसार परदेशी पासपोर्ट बाळगणाऱ्याला तो परत करावा लागे, नाहीतर वापरासाठी अमेरिकन सरकारची अधिकृत मंजुरी दाखवावी लागे. त्यानंतरच्या नियमांतही चालू परदेशी पासपोर्ट ही मोठी अडचण होती. तो नष्ट करा, रद्द करा किंवा सुरक्षा अधिकाऱ्याकडे जमा करा, मगच पुढे बोलू, असा प्रकार होता. २०१७ मध्ये हे बदललं, पण त्या काळात नोकरीला लागलेल्या लोकांचे सल्ले अजून तसेच फिरत आहेत. सल्ला देणाऱ्याने स्वतःचा फॉर्म कोणत्या वर्षी भरला होता, एवढं आधी विचारून घ्या.

पायरी १: तुम्ही खरोखर दुहेरी नागरिक होतात का?

बहुतेकांनी या प्रश्नाकडे नीट पाहिलेलंच नसतं. पुढची सगळी उत्तरं यावर उभी असल्याने इथे घाई नको.

भारतात जन्मून, सज्ञान झाल्यावर अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतलेल्या व्यक्तीचा मामला सरळ आहे. भारताच्या नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. म्हणजे तुम्ही दुहेरी नागरिक कधीच नव्हतात. शपथेनंतर काही महिने भारतीय पासपोर्ट कपाटात राहिला असेल, पण पासपोर्ट जवळ असणं आणि नागरिकत्व असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, कार्डाच्या नावातच नागरिकत्वाचा उल्लेख असल्याने अनेक जण बिचकतात. भारतीय कायद्याच्या दृष्टीने ओसीआय धारक परदेशी नागरिकच असतो. त्याला आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती मिळतात. मतदान करता येत नाही, घटनात्मक पद घेता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने तर संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण अशा कामांसाठी वेगळी परवानगी घेणंही बंधनकारक केलं. त्यामुळे ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. तरीही ते लपवू नका. कुठे लिहायचं ते पुढे सांगतो.

मुलांचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. २७ फेब्रुवारी २००१ पासून अमेरिकेत लागू असलेल्या कायद्यानुसार, ग्रीन कार्डवर आईवडिलांसोबत इथे राहणारं अठरा वर्षांखालचं मूल, आई किंवा वडील नागरिक झाले की आपोआप नागरिक होतं. त्याला स्वतः शपथ घ्यावी लागत नाही. पण भारताचं कलम ९ ‘स्वेच्छेने’ घेतलेल्या नागरिकत्वाबद्दल बोलतं आणि पाच वर्षांच्या मुलाने स्वेच्छेने काहीच केलेलं नसतं. त्याचा भारतीय पासपोर्टही बहुतेक वेळा मुदत संपेपर्यंत घरात असतो. मोठं होऊन हेच मूल एरोस्पेसमध्ये नोकरीला लागतं तेव्हा, मधली काही वर्षं आपण दोन्हीकडचे होतो का, असा प्रश्न त्याच्यापुढे येतो. इथे एक चूक फार जण करतात. अमेरिकन नागरिकत्वाची तारीख म्हणून ते पहिल्या अमेरिकन पासपोर्टची तारीख लिहितात. मूल आधीपासून ग्रीन कार्डवर इथे राहत असेल, तर खरी तारीख आईच्या किंवा वडिलांच्या शपथेची असते. त्यांचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट शोधून काढा.

गोव्याचा मामला याहून वेगळा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवायचा, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट, अशी ती वाट हजारो गोंयकारांनी धरली. त्यांतले पुष्कळ जण इंग्लंडला गेले आणि काही पुढे अमेरिकेत आले. अमेरिकेची शपथ घेतल्याने पोर्तुगीज नागरिकत्व जात नाही, कारण पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व मान्य करतो. म्हणजे हा माणूस पूर्ण अर्थाने दुहेरी नागरिक असतो, आणि रीतसर अर्ज करून पोर्तुगीज नागरिकत्व सोडलं तरच ‘पूर्वीचा’ होतो. लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंद झाली की भारतीय नागरिकत्व गेलं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. तुम्ही त्या वादाचा निकाल लावू नका. नोंदणीची, ओळखपत्राची आणि पासपोर्टची तारीख वेगवेगळी लिहून ठेवा.

इस्रायलमार्गे अमेरिकेत आलेल्या बेने इस्रायली मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. त्यांच्या बाबतीत सक्तीच्या लष्करी सेवेची भर पडते. अमेरिकन नागरिक होण्याआधी केलेली सेवा बाजूने मांडता येते, पण फॉर्ममध्ये तिचा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो रिकामा ठेवून चालत नाही.

पायरी २: तारखांचा कागद तयार करा

फॉर्म उघडण्याआधी एका कागदावर हे सगळं मांडा: शपथेची तारीख, आजवर मिळालेल्या प्रत्येक परदेशी पासपोर्टचा क्रमांक, तो दिल्याची आणि संपल्याची तारीख, आणि त्यावरचं नाव, सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला), ओसीआय क्रमांक, नागरिकत्व सोडल्याचा दाखला असल्यास तो.

नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत पहिलं नावही बदलायची रीत होती. पहिल्या पासपोर्टवर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं आणि अमेरिकन सर्टिफिकेटवर तिसरं, असं सहज होतं. फॉर्मच्या पाचव्या विभागात पूर्वीची सगळी नावं विचारतात. ती पासपोर्टवरच्या स्पेलिंगसकट द्या.

आता शपथ आणि पासपोर्ट सरेंडर यांच्यामधला काळ तपासा. त्या काळात भारतात गेला होतात का? कोणत्या पासपोर्टवर? घरी कुणी आजारी पडलं म्हणून घाईत जुन्या भारतीय पासपोर्टवर गेलेली माणसं आहेत. शपथेनंतर भारतीय पासपोर्ट वापरणं हा भारताच्या पासपोर्ट कायदा १९६७ खाली गुन्हा आहे. अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर नागरिकाने देशातून जाताना आणि परत येताना अमेरिकन पासपोर्टच वापरावा लागतो, आणि तसं न करणं हे गाइडलाइन सी मध्ये शब्दशः नोंदवलेलं आहे. असा प्रवास झाला असेल तर तो कागदावर कारणासकट लिहा. एका प्रवासाने सगळं बुडत नाही, मात्र तो तुमच्या आधी तपासनिसाला सापडला तर उत्तर देणं अवघड होतं.

पायरी ३: फॉर्ममधले तीन प्रश्न

फॉर्मचं नाव एसएफ-८६. तो ई-अ‍ॅप या सरकारी प्रणालीत ऑनलाइन भरायचा असतो. पार्श्वभूमीची तपासणी मुख्यतः डीसीएसए ही संस्था करते. ते काम तिच्याकडे १ ऑक्टोबर २०१९ पासून आहे.

नवव्या विभागात तुम्ही अमेरिकन नागरिक कसे झालात ते विचारतात. शपथ घेऊन की आईवडिलांमुळे, एवढा फरक इथे नीट लिहा.

दहावा विभाग आपल्या विषयाचा गाभा आहे. तुमच्याकडे आज किंवा पूर्वी कधीही एकाहून अधिक नागरिकत्वं होती का, हा त्यातला पहिला प्रश्न. अमेरिकेखेरीज दुसऱ्या देशाने तुम्हाला कधीही पासपोर्ट किंवा प्रवासाचं ओळखपत्र दिलं होतं का, हा दुसरा. दोन्हींत ‘कधीही’ आहे, सात किंवा दहा वर्षांची मर्यादा नाही. सोडलेलं नागरिकत्व आणि रद्द झालेला पासपोर्ट हे दोन्ही यात येतात.

म्हणून सज्ञानपणी शपथ घेतलेल्या भारतीयाचं पहिलं उत्तर ‘नाही’ आणि दुसरं ‘हो’. टिपणीच्या जागेत दोन वाक्यं लिहा: भारतीय कायद्यानुसार शपथेच्या दिवशी भारतीय नागरिकत्व संपलं, पासपोर्ट अमुक तारखेला सरेंडर केला. ओसीआय असेल तर तेही तिथेच, क्रमांकासह. पोर्तुगीज नागरिकत्व सोडलेल्याचं उत्तर दोन्हीकडे ‘हो’. कसं मिळालं, किती काळ होतं, सोडण्यासाठी काय केलं, हे पुढे विचारतात. लहानपणी आपोआप नागरिक झालेल्यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याशी, म्हणजे एफएसओशी, बोलून ठरवावं आणि हकीकत टिपणीत पूर्ण लिहावी. मला विचाराल तर शंका असेल तिथे जास्त सांगणं केव्हाही बरं.

तिसरा प्रश्न विसाव्या विभागात आहे आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो: परदेशातल्या निवडणुकीत कधी मतदान केलं आहे का? गावच्या जिल्हा परिषद शाळेत बोटाला शाई लावून केलेलं पहिलं मतदान इथे ‘हो’मध्ये येतं. घाबरू नका. नागरिकत्वाचे हक्क अमेरिकन नागरिक होण्याआधी बजावले असतील, तर ती बाब सीड-४ तुमच्याच बाजूने मोजतो. शपथेनंतर भारतात मतदान केलं असेल तर गोष्ट गंभीर आहे आणि वकिलाशी बोलायला हवं. मतदारयादीत नाव राहून गेलं असेल तर ते काढण्यासाठी फॉर्म ७ आहे.

जुनं नागरिकत्व अजून असेल तर अर्जाआधी ते सोडून द्यावं का, असं खूप जण विचारतात. सोडण्याची सक्ती नाही. हितसंबंध आड येत असतील तर सोडण्याची तयारी दाखवणं हा बाजूचा मुद्दा धरला जातो. नातवंडांसाठी पोर्तुगालचं दार उघडं ठेवायचं असेल तर नुसत्या ऐकीव भीतीने ते बंद करू नका. आधी एफएसओला विचारा.

पायरी ४: नातेवाईक आणि मालमत्ता

आपल्या लोकांची खरी परीक्षा गाइडलाइन सी मध्ये नसून गाइडलाइन बी मध्ये होते, असं मला वाटतं. परदेशातल्या माणसांमुळे किंवा पैशामुळे तुमच्यावर दबाव येऊ शकतो का, हे ती पाहते. नागरिकत्व सोडता येतं, पण साताऱ्यात राहणारी आई कुणी सोडत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते.

अठराव्या विभागात आईवडील, भावंडं, मुलं, सासूसासरे यांची माहिती द्यावी लागते. परदेशी नातेवाइकाचा त्याच्या सरकारशी, सैन्याशी किंवा संरक्षण उद्योगाशी संबंध आहे का, हेही विचारतात. पुणेकरांनी इथे नीट आठवावं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, डीआरडीओच्या प्रयोगशाळेत किंवा माझगाव डॉकमध्ये भाऊ असेल, तर ते लिहायचं. सैन्यातून निवृत्त झालेले वडील लिहायचे. मामा, आत्या, चुलतभाऊ हे या यादीत येत नाहीत. पण दर रविवारी व्हिडिओ कॉल करण्याइतकी जवळीक असेल तर ते एकोणिसाव्या विभागात, जवळचे परदेशी संबंध म्हणून येतात.

निर्णय देताना भारताचाही विचार होतो. लोकशाही आणि अमेरिकेशी असलेलं संरक्षण सहकार्य बाजूने जातं. औद्योगिक हेरगिरीच्या आणि निर्यातबंदी मोडल्याच्या घटना, तसंच दहशतवादाचा धोका विरुद्ध बाजूला मांडले जातात. म्हणून तुमची मुळं इथे किती खोल गेली आहेत हे दाखवणं महत्त्वाचं: इथलं घर, इथली बचत, इथे शिकणारी मुलं, इथली वर्षं.

पैशाचं म्हणाल, तर एनआरओ आणि एनआरई खाती, पीपीएफ, शेअर, पुण्यातला फ्लॅट हे सगळं लिहायचं. पुढे मालमत्ता मिळण्याची अपेक्षा आहे का, असंही विचारतात. त्यामुळे वडिलांच्या नावच्या सातबाऱ्यावर उद्या तुमचं नाव लागणार असेल तर तेही सांगा. किंमत अंदाजे चालते. भारतातली मालमत्ता इथल्या मालमत्तेच्या मानाने लहान असेल तर ती फारशी आड येत नाही.

एक गोष्ट मात्र फॉर्मच्या आधी निस्तरा. परदेशी खात्यांत मिळून वर्षभरात कधीही १०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम झाली असेल तर दरवर्षी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकन सरकारचा फॉर्म, भरावा लागतो. आईसोबतचं जोडखातंही यात धरलं जातं. तो भरलेला नसेल, किंवा भारतातलं व्याज अमेरिकन रिटर्नमध्ये दाखवलेलं नसेल, तर कर सल्लागाराला गाठा. जुन्या नागरिकत्वापेक्षा ही चूक जास्त महाग पडते, कारण इथे अमेरिकेचाच नियम मोडलेला असतो.

पायरी ५: मुलाखत

तपासनीस बहुधा सभ्य असतो आणि त्याला तुमची हकीकत सुसंगत हवी असते. तारखांचा कागद आणि मूळ दाखले जवळ ठेवा. ‘भारताविषयी तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं तर प्रेम नाकारू नका. जिथे जन्मलो तिथली ओढ असणं गैर नाही. दोन देशांचं हित एकमेकांविरुद्ध आलं तर तुमची निष्ठा कुठे असेल, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. त्याचं उत्तर स्वतःशी आधीच ठरलेलं असावं.

फॉर्म पाठवल्यावर काही राहिलं असं आठवलं तर मुलाखतीची वाट पाहू नका, लगेच कळवा. पकडलं जाण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती नियमांत तुमच्या बाजूने धरली जाते. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नकाराची चिन्हं दिसली तर

कंत्राटी कंपनीतल्या अर्जदाराला आधी हरकतींचं लेखी निवेदन येतं. त्याला एसओआर म्हणतात. उत्तरासाठी २० दिवस असतात. मुदत वाढवून मागता येते, पण ती संपू देऊ नका. प्रत्येक मुद्द्याला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असं वेगळं उत्तर, सोबत कागद, आणि न्यायाधीशासमोर सुनावणी हवी असल्यास तशी स्पष्ट मागणी. या टप्प्यावर वकील करा, तो खर्च वाचवू नका. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ईगन खटल्यात सांगितलं आहे, आणि शंका उरली तर निकाल अर्जदाराच्या विरुद्ध जातो. त्यामुळे शंका दूर करण्याचा भार तुमच्यावर असतो. अशा सुनावण्या घेणाऱ्या डोहा या संरक्षण खात्याच्या संस्थेचे निकाल नावं वगळून ऑनलाइन प्रसिद्ध होतात. त्यांत भारतात जन्मलेल्या अर्जदारांचे बरेच आहेत. दोन-चार वाचले की न्यायाधीश कशाला महत्त्व देतात ते कळतं. निकाल विरुद्ध गेला तर १५ दिवसांत अपिलाची सूचना द्यावी लागते. शेवटी नकारच कायम राहिला तर साधारण एक वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो.

मिळाल्यानंतर

क्लिअरन्स हातात आल्यावर ‘सीड-३’ लागू होतो. परदेश प्रवास, परदेशातलं नवं खातं किंवा घर, नवे जवळचे परदेशी संबंध, दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाचा अर्ज, परदेशी पासपोर्ट, हे सगळं कळवावं लागतं. भारताचं तिकीट काढण्याआधी एफएसओला मेल टाकायची सवय लावा. ओसीआय अजून काढलेलं नसेल आणि आता काढायचं असेल तर अर्ज भरण्याआधी विचारा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. वडिलांच्या पश्चात जमीन नावावर झाली, भावाने संरक्षण कारखान्यात नोकरी धरली, आईसोबतच्या खात्यात मोठी रक्कम आली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात कळवा.